रेवाच्या मापाची बंदूक

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. सहम, ओमान

मुस्तफाने आज कपाट उघडून ती पंपाची बंदूक माझ्या हातात दिली. हा आमच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, धाकटा भाऊ. रुस्ताकच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्याची शेती आहे आणि शेतीमागच्या पडीक जागेत त्याने रेंज बांधली आहे. मशीन मातीच्या तबकड्या हवेत फेकतं आणि त्या छर्‍याने उडत्याच फोडायच्या. बंदूक त्याच्या लायसन्सवर आहे, त्यामुळे ती शेताबाहेर न्यायची नाही. फक्त लाकडी दस्ता उतरवून वर्कशॉपला न्यायची परवानगी मी मागून घेतली.

बाकी सगळ्यांकडे दोन नळ्यांच्या महागड्या बंदुका आहेत. ही एका नळीची. प्रत्येक बारानंतर डाव्या हाताने पंप मागे ओढून पुढे सारायचा. मुस्तफाचा पुतण्या यासिर, वय सोळा, हसून म्हणाला, "अंकल, इससे तो हमारे दादा खेत में कव्वे मारते थे."

जानेवारीत रेंजवर आखातातल्या ज्युनियर मुलांची स्पर्धा आहे. पहिल्या येणार्‍याला परदेशात प्रशिक्षण. रेवा चौदा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सहलीला आलो होतो, तेव्हा तिने गंमत म्हणून बंदूक धरली आणि पहिल्याच बाराला तबकडी फोडली. मुस्तफा म्हणाला होता, लडकी की आँख अच्छी है. डोळा देवाने दिला, बंदूक मी देईन. म्हणूनच ही वही सुरू करतो आहे. काय बदल केला, काय परिणाम झाला, सगळं लिहून ठेवायचं. वीस वर्षं मशिनं दुरुस्त करतो आहे, हेही एक मशीनच.

रेवाला गाडीत सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आय वॉज जस्ट ट्रायिंग." म्हटलं, ट्राय करूनच सगळं सुरू होतं.

११ ऑक्टोबर

बंदूक माणसाच्या मापाची हवी, हे पहिलं तत्त्व. रेवाला हॉलमध्ये उभं करून मापं घेतली. कोपर वाकवून तिथपासून बोटाच्या पेरापर्यंत, खांद्यापासून गालाच्या हाडापर्यंत. सुरुवातीला तिला गुदगुल्या होत होत्या, खिदळत होती. दोनतीनदा दरडावल्यावर नीट उभी राहिली.

दस्ता तिला फारच लांब. वर्कशॉपमध्ये कापून आखूड केला, मागे जाड रबर बसवलं. गाल टेकतो तिथे सागवानाची पट्टी चढवून तो भाग उंच केला. आता गाल ठेवला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. पॉलिश केल्यावर अगदी विकतच्यासारखा दिसायला लागला.

वेणी मात्र पट्टीखाली अडकते. शीलाला म्हटलं, कापून टाक. ती म्हणाली, "अहो, तिला विचारलंत का?" मी म्हटलं, यात विचारायचं काय, केस परत येतात. शीला कापेना, मग मीच कापली. सरळ रेषेत कापली गेली. रेवा आरशासमोर बराच वेळ उभी होती. आवडली असावी.

१९ ऑक्टोबर

पहिला खरा सराव. पट्टीचा उपयोग दिसला, निशाणा लागतोय. दोन अडचणी आल्या.

एक, धक्का. बंदूक हलकी झाल्यामुळे खांद्याला जास्त बसते. घरी आल्यावर शीलाने तिचा खांदा मला दाखवला, जांभळा झाला होता. गालालाही लाल वळ होता. मी म्हटलं, दस्ता घट्ट दाबला नाही की असंच होणार. बंदुकीचा दोष नाही, धरण्याचा आहे.

दोन, कानावरचे मोठे हेडफोन. रेंजवर सगळ्यांना लावावे लागतात. गाल टेकवला की त्यांची वाटी पट्टीवर आपटते आणि मान वर उचलली जाते. पट्टी खाली करायची की हेडफोन काढायचे? पट्टीवर दोन दिवस घालवलेत. हेडफोन काढले आणि कानात घालायचे स्पंजचे बोळे दिले. आम्ही कॉलेजात एनसीसीला कापूस घालायचो. कोणाला काही झालं नाही.

२५ ऑक्टोबर

धक्क्यावर उपाय सापडला. नळीच्या तोंडाजवळ वरच्या बाजूने बारीक भोकं पाडली की थोडा वायू वर निघून जातो, नळी उसळत नाही आणि दुसरी तबकडी लवकर सापडते. मुस्तफाची परवानगी काढली. नळी शेताबाहेर नेता येत नाही, म्हणून वर्कशॉपमधलं ड्रिल मशीनच पिकअपमध्ये घालून नेलं. तोही कामभर बाजूला उभा होता. सगळी भोकं आतून गुळगुळीत केली.

मुस्तफाने दोन बार काढून पाहिले आणि कान चोळत म्हणाला, "इंजिनियर, आवाज बहुत हो गया. बच्ची को हेडफोन देना. शुवय शुवय." हे लोक स्वतः लहानपणापासून लग्नात बार काढत वाढले आणि मला शुवय शुवय, सावकाश घे, सांगतात.

नळी मात्र आता अजिबात उसळत नाही.

१ नोव्हेंबर

दिवाळी. शीलाला दार्सैतच्या मंदिरात जायचं होतं, तिची बहीण तिथेच राहते. मी म्हटलं, सुट्टीचा दिवस, रेंज रिकामी मिळणार, तुम्ही बहिणी फोनवर बोला. फराळाचा डबा घेऊन रेवाला रुस्ताकला नेलं.

आज नवी पद्धत. मी मागे उभा राहून सांगत असतो आणि बोळ्यांमुळे तिच्यापर्यंत माझा आवाज पोचत नाही. प्रत्येक वेळी बोळे काढा, घाला. त्यात वेळ जातो. तिला सांगितलं, उजवा बोळा ठेव, डावा काढून टाक, म्हणजे मी बोलतो ते ऐकू येईल. पहिल्या बाराला तिने डावा हात कानावर नेला. मी म्हटलं, बंदुकीवरचा हात सोडायचा नाही. परत नेला. तेव्हा मी तिच्या त्या हातावर छडीसारखी सळई टेकवून ठेवली. मारली नाही. मग हात जागेवर राहिला.

मुस्तफा नव्हता, राखणदार चहा करत बसला होता. चांगला सराव झाला. परत येताना ती चकली खात नव्हती, बाहेर बघत होती. मी दोनदा काही विचारलं. उत्तर नाही. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून सोडून दिलं.

९ नोव्हेंबर

रेवा सकाळी म्हणाली, "बाबा, एसीमधून सूं असा साऊंड येतोय. नाइटला झोप नाही येत." मी तिच्या खोलीत जाऊन ऐकलं. मला काही आलं नाही. तरी कव्हर उघडलं, पंखा साफ केला, कॉम्प्रेसर तपासला. सगळं ठीक. ती म्हणाली, "अजून येतोय." एसी बंद केला. म्हणाली, "अजून."

तेव्हा मी तिला ऐकवलं. अख्खी सुट्टीची सकाळ घालवली त्या एसीवर. सराव टाळायला रोज एक नवीन कारण. आधी खांदा, मग पोटात दुखतं, आता आवाज.

ती खाली मान घालून "ओके" म्हणाली. नंतर एसीबद्दल परत बोलली नाही, म्हणजे काय ते समजावं.

२४ नोव्हेंबर

सुधारणांची नोंद. पंपाचा दांडा थोडा मागे सरकवला, तिचा हात आता ओढून धरावा लागत नाही. एकामागून एक सुटणार्‍या दोन तबकड्या ती फोडू लागली आहे. यासिर हसायचा थांबलाय.

वागण्याचीही नोंद करतो. मुस्कान म्हणून तिची वर्गातली मैत्रीण आहे, रत्नागिरीकडच्या घरातली. दोघी रोज संध्याकाळी तासभर फोनवर खी खी करायच्या. गेले बरेच दिवस ते बंद. रेवा नुसतं टाइप करते. मुस्कानचा फोन आला तर कट करून मेसेज पाठवते. शिस्त लागते ती अशी. शीलाला म्हटलं, बघ, खेळाने मुलं सुधारतात.

शीला म्हणाली, "ती टीव्हीलासुद्धा खालची अक्षरं लावून बसते. मी किचनमधून हाक मारली तर येत नाही. मला वाटतं, तिला ऐकू कमी येतंय."

मी म्हटलं, माझ्या हाकेला येते. त्यावर शीला म्हणाली, "तुम्ही ओरडता."

३ डिसेंबर

शाळेतून फोन. नववीचं वर्ष आणि बाईसाहेबांचं वर्गात लक्ष नाही. टीचरने तीनदा नाव घेतलं तरी उठली नाही, मुलं हसली. हिंदीच्या तोंडी परीक्षेत प्रश्न एक, उत्तर भलतंच.

मी घरी आल्यावर तिला समोर उभं केलं. विचारलं, मुद्दाम करतेस का? ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. ही तिची नवीन सवय, बोलणार्‍याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. मला ते उद्धट वाटतं. मी म्हटलं, खाली बघ. तिने खाली बघितलं. मग मी जे विचारत गेलो त्याचं एकही उत्तर दिलं नाही. नुसती उभी.

वर्कशॉपमधून बंदुकीच्या वजनाचा पाइप आणलाय, घरी खांद्याची तयारी करायला. तो धरून बाल्कनीत उभी राहा म्हटलं, मी सांगेपर्यंत. सांगायला मला थोडा उशीर झाला, ऑफिसचा फोन आला. फोनवर असतानाच दारातून "बस, आत ये" म्हटलं होतं. आली नाही. हात थरथर कापत होते तरी पाइप खाली केला नाही. एवढा हट्ट. शीलाने जाऊन तिच्या हातातून तो काढून घेतला.

शीला तेव्हापासून रेवाच्या खोलीत झोपते.

१३ डिसेंबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. रेवाने पंचविसापैकी तेवीस फोडल्या. यासिरने एकवीस. पंपाची बंदूक, मी कापलेला दस्ता, मी पाडलेली भोकं. मुस्तफाने माझी पाठ थोपटली. कॉफी झाली, खजूर झाले.

तो रेवाशी दोन शब्द बोलला. ती हसून "येस" म्हणाली. त्याने परत काही विचारलं. परत "येस". मुस्तफा माझ्याकडे वळून म्हणाला, "मैंने पूछा तुम्हारा भाई-बहन कितना है." मी म्हटलं, लाजते.

गाडीत तिला म्हटलं, शाब्बास. आरशातून बघत होती, पण माझं तोंड रस्त्याकडे होतं. म्हणून मान वळवून परत म्हटलं, शाब्बास. तेव्हा हसली. तिच्या गालावरचा डाग आता काळपट झाला आहे. पट्टीला पातळ चामडं लावायचं मनात आहे, पण मग उंची बदलते. स्पर्धेनंतर बघू.

१० जानेवारी २०२५. रात्री

सगळं संपलं. क्रमाने लिहितो.

सकाळी उत्तम हवा. गाड्याच गाड्या, अबुधाबीपासून लोक आलेले. दोन्ही कानांत बोळे सक्तीचे होते, पंच तपासत होते, म्हणून आज दोन्ही घातले. पहिल्या फेरीत रेवा यासिरच्या बरोबरीने पुढे. दुसर्‍या फेरीत ती उभी राहिली, "पुल" म्हणाली, म्हणजे तबकडी सोडा, पण तबकडी आली नाही. मशीन अडकलं होतं.

पंच ओरडला, "स्टॉप." सगळ्यांनी ऐकलं. मी पंधरा पावलांवर होतो, मीही ऐकलं. मशीन पुढे खड्ड्यात असतं. तिथला कामगार साकिब ते सोडवायला खड्ड्यातून वर आला. रेवाने बंदूक खाली केली नाही. गाल पट्टीवर, बोट घोड्यावर, तशीच वाट बघत उभी, मी शिकवलेल्या पवित्र्यात. पंच परत ओरडला. मीही ओरडलो. तेवढ्यात मशीन आपोआप सुटलं, तबकडी उडाली आणि तिने बार काढला.

तबकडी फुटली. छरे साकिबच्या डोक्यावरून गेले. तो जमिनीवर पालथा पडला आणि बराच वेळ उठलाच नाही. मला वाटलं, गेला. त्याला काही लागलं नव्हतं. पण उठल्यावर त्याने उलटी केली आणि तिथेच मातीत बसून राहिला.

मुस्तफाने धावत जाऊन तिच्या हातातून बंदूक ओढून घेतली. विचारलं, "सुना नहीं?" ती त्याच्या तोंडाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "हिट ना? मी हिट केलं ना?" फारच मोठ्याने. सगळे गप्प झाले होते, त्यात ते.

मी जाऊन तिला मारली. एकच. एवढी जोरात नव्हती. गालावर होती, कानावर नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. एक बोळा उडून खाली पडला.

मुस्तफा आमच्यामध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, "खलास. यहाँ मत आना, इंजिनियर." मग गाडीपर्यंत माझ्यामागून आला. "इसको डॉक्टर के पास ले जाओ. ये बहरी हो गई है. सबको दिखता है, तुमको नहीं दिखता?"

एवढ्या लोकांसमोर. माझ्या मुलीसमोर. बंदूक त्याने काढून घेतली. दस्ता माझ्या हातचा आहे, तो तरी परत मागायला हवा होता.

१२ जानेवारी

शीला मला न विचारता रेवाला घेऊन बहिणीकडे दार्सैतला गेली. टॅक्सीने. ऑफिसला फोन करून म्हणाली, "मंगळवारी डॉक्टरची वेळ मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढच्या. तुम्हाला यायचं तर या."

२१ जानेवारी

रुवीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रेवाला काचेच्या पेटीत बसवलं, कानांना तारा लावल्या. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. कितीतरी वेळ ती नुसती बसून. मला वाटत होतं, दाब, दाब. एकदोनदा मी काचेवर बोट वाजवलं. नर्सने मला मागे जायला सांगितलं.

कागदावर दोन रेषा उमटल्या, दोन्ही उतरत गेलेल्या. डावी तर सरळ तळाला. डॉक्टर म्हणाले, बंदुकीच्या आवाजाने आतले तंतू मेले आहेत, ते परत येत नाहीत. डावा कान जास्त गेला, नळीच्या बाजूचा म्हणून. त्यांनी विचारलं, हेडफोन वापरत नव्हती? मी म्हटलं, बोळे वापरत होती. ते खरंच आहे. त्यांनी विचारलं, नळीला भोकं होती का, त्याने आवाज मागे येतो. मी म्हटलं, असतील.

मग त्यांनी कागदावर लिहून रेवाला विचारलं, कानात शिट्टी कधीपासून वाजते? ती म्हणाली, "दिवाळीपासून. बाबांना सांगितलं होतं."

मला तर ती कधी काही बोलली नाही.

२६ जानेवारी

दोघी परत आल्या आहेत, शाळेसाठी. रेवाच्या दोन्ही कानांत मशिनं आहेत. त्यांनी आवाज मोठा होतो, शब्द कळत नाहीत म्हणते. शीला तिच्यासमोर बसून सावकाश बोलते. मी आलो की दोघी थांबतात.

आज मी एक करून बघितलं. उरलेले स्पंजचे बोळे दोन्ही कानांत घट्ट घातले, वर कापूस दाबला आणि दोघींबरोबर जेवायला बसलो. त्यांची तोंडं हलत होती. रेवा काहीतरी म्हणाली, शीला रडायला लागली, मग दोघी हसल्या. काय झालं ते मला कळलं नाही. क्षणभर असं वाटलं की मी यांच्यात नाहीच, मेल्यानंतर बघतो आहे. मी उठून बोळे काढून टाकले.

पण माणसाला सवय होते. काही दिवस जायला हवेत, एवढंच.

१५ फेब्रुवारी

आज बर्‍याच दिवसांनी डोकं स्वच्छ आहे. दोन आठवडे वाचतोय. न ऐकू येणार्‍यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात, जगभर. नेमबाजीसुद्धा. तिथे खेळाडू कमी, चुरस कमी. रेवाची नजर आणि हात तर शाबूत आहेत. पंचांच्या आवाजाऐवजी समोर दिवा लावायचा, हिरवा म्हणजे बार, लाल म्हणजे थांब. सर्किट काढून ठेवलंय. बंदूक मुस्तफा देणार नाही, पण सोहारमध्ये एक ओमानी ओळखीचा आहे, त्याच्याकडे अशीच पंपाची आहे. मापं माझ्याकडे आहेतच.

शीला बाजारात गेली होती. मी रेवाच्या खोलीत जाऊन तिच्यासमोर खुर्ची घेतली आणि सावकाश, तोंड नीट हलवत, सगळं सांगायला लागलो. म्हटलं, बेटा, जे झालं ते झालं. यात एक संधी आहे. तू आता ज्या गटात आहेस, तिथे तुला कोणी हरवणार नाही.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, इतक्या लक्षपूर्वक की मला बरं वाटलं. मग तिने आधी उजव्या, मग डाव्या कानातलं मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. पलंगावर आडवी झाली, माझ्याकडे तोंड ठेवूनच, आणि डोळे मिटून घेतले.

दमली असावी. शाळेत दिवसभर तोंडं वाचून दमायला होतं, शीला म्हणाली होती.

मशिनं उघडीच राहिली होती. धूळ बसली तर बिघडतात. मी ती डबीत ठेवली, झाकण लावलं आणि दिव्याचं राहिलेलं तिला सांगून पुरं केलं.